फादर हेन्री हेरास : अध्यापक, संशोधक आणि पुराव्याची शिस्त

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईच्या विद्याजीवनाचा विचार करताना फादर हेन्री हेरास (1888–1955) यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. स्पेनमध्ये जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू वयाच्या चौतिसाव्या वर्षी मुंबईत आला, सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत भारताच्या इतिहासातच रमला. विजयनगर, पल्लव, मोगल दरबारातील जेझुइट आणि सिंधू लिपी अशा परस्परांपासून दूर असलेल्या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. महाविद्यालयाच्या आवारात संशोधनसंस्था उभारली आणि विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली.

हेरास यांच्याविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांना आढळते. एका बाजूला गौरवपर लेखन आहे. त्यात त्यांचा व्यासंग, त्यांचे भारतप्रेम आणि त्यांचे संस्थाकार्य यांची नोंद होते, परंतु त्यांच्या निष्कर्षांची तपासणी होत नाही. दुसऱ्या बाजूला सिंधू लिपीच्या वाचनाचे फसलेले प्रयत्न सांगताना त्यांचे नाव एका ओळीत येते आणि त्याच ओळीत संपते. या दोन्ही पद्धतींत एक महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. विजयनगरच्या स्थापनेविषयीच्या दंतकथा ज्या संशोधकाने पुराव्याच्या कठोर निकषांवर तपासल्या, त्याच संशोधकाने सिंधू लिपीच्या बाबतीत ते निकष सैल का केले? आणि तसे झाले असेल, तर त्यांच्या कारकिर्दीचे मूल्य कोणत्या मापाने ठरवावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर हेरास यांच्याच मापाने शोधण्याचा प्रयत्न केला आहे. ते माप म्हणजे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविलेली पुराव्याची शिस्त होय.

मुंबईतील आगमन आणि विषयाची निवड

हेरास यांचा जन्म 11 सप्टेंबर 1888 रोजी बार्सिलोना येथे झाला. तरुण वयातच ते येशूसंघात दाखल झाले. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे दीर्घ शिक्षण घेऊन त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. 1922 च्या अखेरीस ते मुंबईत पोहोचले. या आगमनामागे एक ऐतिहासिक कारण होते. सेंट झेवियर्स महाविद्यालयाची स्थापना 1869 मध्ये जर्मनभाषक जेझुइटांनी केली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत ठेवले आणि पुढे मायदेशी पाठविले. महाविद्यालयाला अध्यापकांची वाण भासू लागली, आणि ती जागा भरून काढण्यासाठी स्पेनमधील जेझुइट मुंबईत येऊ लागले. हेरास हे त्यांपैकी एक होते.

त्यांच्या रुजू होण्याविषयी एक आठवण सांगितली जाते. कोणता इतिहास शिकविणार, असे प्राचार्यांनी विचारले असता त्यांनी भारताचा इतिहास असे उत्तर दिले. त्या इतिहासाची कितपत माहिती आहे, या पुढच्या प्रश्नावर काहीच नाही असे सांगितले. मग शिकविणार कसे, तर अभ्यास करून, असे त्यांचे उत्तर होते. ही आठवण बहुतेक ठिकाणी विनोद म्हणून येते. तिच्यातील अर्थ मात्र गंभीर आहे. युरोपातून आलेल्या अध्यापकाने युरोपाचा इतिहास शिकवावा, हे त्या काळात स्वाभाविक आणि सोयीचे होते. हेरास यांनी गैरसोयीची निवड केली. चौतिसाव्या वर्षी त्यांनी एका नव्या देशाच्या इतिहासात विद्यार्थी म्हणून प्रवेश केला. शिकविण्यासाठी शिकणे आणि शिकताना संशोधन करणे हा त्यांच्या पुढील आयुष्याचा क्रम या निवडीतूनच ठरला.

संस्था : महाविद्यालयातील संशोधन

1926 मध्ये हेरास यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात ‘इंडियन हिस्टॉरिकल रिसर्च इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. त्यांच्या निधनानंतर ती ‘हेरास इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन हिस्टरी अँड कल्चर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी इतिहास-संशोधनाच्या दृष्टीने हे वर्ष लक्षात राहण्यासारखे आहे. 1926 च्या अखेरच्या दिवशी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतून ती प्रसिद्ध केली. 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे त्याच प्रेरणेचे संस्थारूप होते. या परंपरेचे वैशिष्ट्य असे, की ती विद्यापीठाच्या बाहेर वाढली. तिला पदवीची, परीक्षेची किंवा अभ्यासक्रमाची गरज नव्हती.

हेरास यांचा मार्ग याहून वेगळा होता. त्यांनी संशोधन महाविद्यालयाच्या आत आणले. पदवी परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आणि ताम्रपट, नाणी, मूर्ती, हस्तलिखिते यांच्यामधील अंतर कमी करणे हा त्यांच्या संस्थेचा व्यावहारिक हेतू होता. त्यासाठी त्यांनी ग्रंथालय उभे केले, पुरावस्तूंचा संग्रह जमविला आणि संस्थेची ग्रंथमाला सुरू केली. राजवाडे यांच्या परंपरेने साधने वाचविली, तर हेरास यांच्या संस्थेने साधने हाताळण्याचे प्रशिक्षण महाविद्यालयीन शिक्षणाचा भाग केले. या दोन कार्यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या कार्याची दखल मराठी इतिहासलेखनाच्या चर्चेत पुरेशी घेतली गेलेली नाही. हेरास यांचे लेखन इंग्रजीत होते आणि त्यांचे प्रमुख विषय दक्षिणेचे होते, हे त्यामागील एक कारण असावे.

संस्थेच्या फळांकडे पाहिले, तर हे प्रशिक्षण कागदावरचे नव्हते हे दिसते. जॉर्ज मोराईस यांचा कदंब घराण्यावरील ‘द कदंब कुल’ हा ग्रंथ 1931 मध्ये हेरास यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या प्राचीन इतिहासासाठी तो आजही चाळावा लागतो. विल्यम कोएल्यो यांचा होयसळ घराण्यावरील ग्रंथ 1950 मध्ये आला. एका घराण्याचे सर्व कोरीव लेख गोळा करावेत, त्यांचा कालक्रम लावावा, वाङ्मयीन परंपरा त्या कालक्रमाशी पडताळावी आणि मगच कथन करावे, ही पद्धती या ग्रंथांत स्पष्ट दिसते. आज घराण्यांचा इतिहास ही इतिहासाची पुरेशी कल्पना मानली जात नाही. समाज, अर्थव्यवस्था आणि सामान्य माणूस या लेखनात क्वचितच येतो. ही मर्यादा मान्य केली, तरी पुढील सामाजिक इतिहासकारांना ज्या कालक्रमावर उभे राहावे लागले, तो याच पिढीने रचून ठेवला, हे नाकारता येणार नाही.

पद्धती आणि तिची कसोटी : विजयनगर

संस्थेच्या स्थापनेच्या वर्षीच, म्हणजे 1926 मध्ये, हेरास यांचे ‘द रायटिंग ऑफ हिस्टरी’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतीय विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयीची टिपणे, असे त्याचे स्वरूप आहे. विषयात नव्याने शिरलेल्या अध्यापकाने चार वर्षांच्या आत विद्यार्थ्यांसाठी पद्धतीचे पुस्तक लिहावे, ही गोष्ट त्यांच्या अग्रक्रमाविषयी पुष्कळ सांगते. साधनाचा शोध, साधनाची परीक्षा आणि त्यानंतरच मांडणी हा या पद्धतीचा कणा आहे. साधन प्राचीन म्हणून खरे नसते आणि पूज्य म्हणूनही खरे नसते.

या शिस्तीचा उत्तम आविष्कार त्यांच्या विजयनगरविषयक लेखनात आढळतो. ‘द अरविडु डायनॅस्टी ऑफ विजयनगर’ (1927) या ग्रंथात त्यांनी 1565 च्या राक्षसतंगडीच्या लढाईनंतरच्या विजयनगरकडे लक्ष वेधले. त्या पराभवाबरोबर साम्राज्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत होती. हेरास यांनी कोरीव लेखांना जेझुइट धर्मगुरूंच्या पत्रव्यवहाराची जोड दिली आणि वेंकटपती देवरायाच्या काळापर्यंत चाललेल्या राजकीय जीवनाचे चित्र उभे केले. चंद्रगिरीच्या दरबारात वावरलेल्या जेझुइटांची पत्रे हे साधन त्यांना त्यांच्या संघामुळेच सहज परिचित होते. धर्मगुरू असणे हे येथे संशोधकाला उपकारक ठरले.

‘बिगिनिंग्ज ऑफ विजयनगर हिस्टरी’ (1929) हे पुस्तक अधिक वादग्रस्त ठरले. विद्यारण्य स्वामींच्या प्रेरणेने हरिहर आणि बुक्क यांनी विजयनगरची स्थापना केली, ही परंपरा दक्षिणेत सर्वमान्य होती आणि तिला भावनिक वजनही होते. हेरास यांनी ती कोरीव लेखांच्या कसोटीवर लावली. स्थापनाकाळातील म्हणून पुढे केलेले काही ताम्रपट त्यांनी बनावट ठरविले. विद्यारण्यांना संस्थापकपद देणारी कथा ही सोळाव्या शतकात शृंगेरीच्या मठपरंपरेतून रचली गेली, असे त्यांनी प्रतिपादले. नगराच्या उभारणीचे श्रेय त्यांनी होयसळ राजा तिसरा बल्लाळ याच्या सीमारक्षणाच्या योजनेकडे नेले.

या निष्कर्षांवर साहजिकच टीका झाली. एका ख्रिस्ती धर्मगुरूने हिंदू मठपरंपरेवर बनावटपणाचा आरोप करावा, ही बाब अनेकांना खटकली असल्यास नवल नाही. परंतु विद्वत्तेच्या क्षेत्रात प्रश्न हेतूचा नसून पुराव्याचा असतो. हेर्मान कुल्के यांनी 1985 मध्ये या वादाची फेरतपासणी केली, तेव्हा हेरास यांच्या मूळ शंकेला त्यांनी गंभीर स्थान दिले. शृंगेरी मठाचा आरंभीच्या संगम राजांशी आलेला संबंध आणि विद्यारण्यांच्या संस्थापकत्वाची उत्तरकालीन कथा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात, ही दृष्टी आज अभ्यासकांना अपरिचित नाही. हेरास यांचे प्रत्येक विधान टिकले नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला, आणि त्याचे कारण त्यांनी आपला युक्तिवाद इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडला होता.

धर्मगुरू आणि इतिहासकार

दुसऱ्यांच्या पूज्य परंपरेची तपासणी करणारा इतिहासकार स्वतःच्या परंपरेकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न येथे विचारणे न्याय्य आहे. 1933 मध्ये हेरास यांनी भारतातील जेझुइटांच्या धर्मांतर-धोरणावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील भूमिका प्रामुख्याने बचावाची आहे. संघावर होणाऱ्या बळजबरीच्या आरोपाचे निरसन हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी आधार बऱ्याच अंशी संघाच्याच लेखनाचा घेतला आहे. विद्यारण्य-कथेच्या बाबतीत मठाच्या परंपरेला मठाचे हितसंबंध चिकटलेले असतात, हे त्यांनी अचूक ओळखले होते. तोच संशय आपल्या संघाच्या कागदपत्रांवर त्यांनी तितक्या कठोरपणे रोखला नाही. गोव्याच्या इतिहासाचा हा भाग समजून घेण्यासाठी अ. का. प्रियोळकर यांच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ (1961) या ग्रंथाकडे वळावे लागते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे साधनांच्या निवडीने कथन कसे बदलते, हे स्पष्ट होते.

मात्र या उणिवेची भरपाई कोठून झाली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ती हेरास यांच्याच संस्थेतून झाली. त्यांचे शिष्य, गोव्याचे फादर जॉन कोरैया-अफोन्सो यांचा ‘जेझुइट लेटर्स अँड इंडियन हिस्टरी’ हा ग्रंथ 1955 मध्ये, म्हणजे गुरूच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. जेझुइटांची पत्रे कोणासाठी लिहिली जात, त्यांतील कोणता मजकूर युरोपातील वाचकांच्या श्रद्धेला पोषक व्हावा म्हणून येई, नकला आणि भाषांतरे करताना त्यांत काय बदल होत, आणि हे सर्व ध्यानात घेऊन इतिहासकाराने त्यांचा उपयोग कसा करावा, हा त्या ग्रंथाचा विषय आहे. लेखक स्वतः जेझुइट होते. गुरूने शिकविलेली साधनपरीक्षा शिष्याने संघाच्या साधनांना लावली. अध्यापकाच्या यशाची याहून चांगली खूण शोधणे कठीण आहे.

धर्मगुरू आणि भारतीय संस्कृतीचा अभ्यासक या दोन भूमिकांचा मेळ हेरास यांनी आणखी एका क्षेत्रात घातला. ख्रिस्ती कलेने भारतात युरोपीय रूपांची नक्कल करू नये, तिला भारतीय रूप मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांना त्यांनी प्रोत्साहन दिले. फोन्सेका यांच्या चित्रांतील साडी नेसलेली मरिया तत्कालीन परंपरानिष्ठ ख्रिस्ती समाजातील अनेकांना रुचली नाही. धर्म आणि भूमी यांत अंतर्विरोध नाही, सर्व संस्कृतींच्या तळाशी काही समान सूत्र आहे, ही हेरास यांची दृढ धारणा या पाठिंब्यामागे होती. कलेच्या क्षेत्रात ही धारणा सर्जक ठरली. लिपीच्या क्षेत्रात तिचा परिणाम वेगळा झाला.

सिंधू लिपी : शिस्त कोठे सैल झाली?

सिंधू संस्कृतीच्या शोधाची वार्ता जॉन मार्शल यांनी सप्टेंबर 1924 मध्ये जगाला दिली. मोहेंजोदडोच्या उत्खननाचा त्रिखंडात्मक वृत्तान्त 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हेरास यांचे लक्ष जवळजवळ पूर्णपणे या मुद्रांकडे वळले. सिंधू लोकांची भाषा द्राविडी कुळातील होती, या अनुमानापासून त्यांनी सुरुवात केली. 1936 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात कोरीव लेखांच्या आधारे मोहेंजोदडोवासीयांच्या धर्माची मांडणी करणारा त्यांचा दीर्घ लेख आला. दोन दशकांच्या परिश्रमानंतर 1953 मध्ये ‘स्टडीज इन प्रोटो-इंडो-मेडिटरेनियन कल्चर’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. भारतातील द्राविडी लोक पश्चिमेकडे सुमेर, इजिप्त आणि थेट भूमध्यसागरी प्रदेशापर्यंत पसरले, असा व्यापक सिद्धान्त त्यात आहे. या सिद्धान्ताचे पश्चिमेचे टोक हेरास यांच्या मायभूमीपर्यंत पोहोचते, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

या वाचनातील दोष कोणते? पहिला दोष असा, की चिन्हाच्या आकारावरून वस्तू ओळखायची, तिचे तमिळ नाव घ्यायचे आणि त्या नावांची मालिका म्हणजे वाक्य मानायचे, अशी ही पद्धती आहे. चिन्ह चारशेच्या आसपास, एकेका लेखात सरासरी पाच चिन्हे, द्विभाषिक लेख एकही नाही. अशा स्थितीत या पद्धतीने मिळालेले वाचन बरोबर की चूक, हे ठरविण्याचे साधनच उरत नाही. जी. आर. हंटर यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चिन्हांच्या स्थानांचे आणि जोड्यांचे विश्लेषण करण्याचा मार्ग दाखविला होता. हेरास यांना मात्र रचनेपेक्षा अर्थाची ओढ अधिक होती. दुसरा दोष भाषेच्या काळाचा. सिंधू लिपीचा बहराचा काळ इसवी सनापूर्वी 2600 ते 1900 च्या दरम्यानचा. तिला ज्ञात तमिळचे शब्द लावणे म्हणजे आजच्या मराठीच्या आधारे वेद वाचण्यासारखे आहे. मूळ द्राविडी रूपांच्या पुनर्रचनेला भक्कम आधार देणारा बरो आणि एमेनो यांचा व्युत्पत्तिकोश 1961 मध्ये, म्हणजे हेरास यांच्या निधनानंतर, आला. त्यामुळे या दोषाची सर्व जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. पण सावधगिरी तरी अपेक्षित होती.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा आहे. मुद्रालेखांत हेरास यांना ‘आण’ नावाचा एकमेव परमेश्वर दिसला. प्राचीन द्राविडी धर्माच्या मुळाशी एकेश्वरी श्रद्धा होती, अशी त्यांची मांडणी झाली. ही मांडणी प्रामाणिक होती, यात शंका नाही. परंतु जे वाचकाच्या मनात आधीच आहे तेच साधनात सापडले, तर इतिहासकाराने दुप्पट सावध व्हावे, हा साधनपरीक्षेचा प्राथमिक धडा आहे. विजयनगरच्या वेळी हेरास यांनी कथेला पुराव्यापुढे उभे केले. सिंधू लिपीच्या वेळी पुरावा मुका होता, आणि त्या मौनात त्यांनी आपली धारणा ऐकली. येथे दोष धर्मगुरुपदाचा म्हणता येणार नाही. वैदिक ऋषींना, सूर्योपासकांना किंवा प्रादेशिक अस्मितेला याच मुद्रांत पाहणारे अभ्यासक पुढेही होऊन गेले. मुकी साधने सर्वांनाच त्यांच्या मनातले बोलून दाखवितात.

मीन : एक टिकलेले अनुमान

तरीही हेरास यांचे लिपीकार्य पूर्णपणे निष्फळ म्हणता येत नाही, आणि याचे कारण एका चिन्हात आहे. सिंधू मुद्रांवर माशाचे चिन्ह वारंवार येते. इतक्या मुद्रांवर माशांचाच उल्लेख असावा, हे पटण्यासारखे नाही. द्राविडी भाषांत ‘मीन’ म्हणजे मासा. आणि प्राचीन तमिळमध्ये ‘मीन’ म्हणजे चमकणारी तारकाही. मराठीत हा शब्द मीन राशीच्या रूपाने संस्कृतमार्गे परिचित आहे, आणि तो संस्कृतात द्राविडीतून आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या वस्तूचे चित्र काढणे सोपे, तिच्या चित्राने समान उच्चाराचा दुसरा शब्द सुचविणे हे जगातील अनेक आद्य लिपींचे तत्त्व आहे. मराठीत उदाहरण द्यायचे, तर हाताचे चित्र काढून ‘कर’ हा शब्द सुचवावा आणि त्याचा अर्थ सरकारी कर असा घ्यावा, तसा हा प्रकार आहे. हेरास यांनी माशाच्या चिन्हात तारका पाहिली.

एवढ्यावर ही कल्पना चतुर तर्क ठरली असती. परंतु तिला पडताळ्याची जोड मिळते. माशाच्या चिन्हाआधी काही ठिकाणी उभ्या रेघा येतात. तमिळमध्ये ‘अरुमीन’ म्हणजे सहा तारका, अर्थात कृत्तिका; ‘एळुमीन’ म्हणजे सात तारका, अर्थात सप्तर्षी. सहा रेघा आणि मासा, सात रेघा आणि मासा या जोड्या मुद्रांवर आढळतात. म्हणजे येथे अनुमान एकाकी राहत नाही. त्यातून दुसरी अपेक्षा निघते आणि ती साधनांत तपासता येते. फिनलंडचे अभ्यासक अस्को पर्पोला यांनी ‘डिसायफरिंग द इंडस स्क्रिप्ट’ (1994) या ग्रंथात आपल्या मांडणीचा पाया याच अनुमानावर रचला आणि त्याचे श्रेय हेरास यांना दिले. इरावतम महादेवन यांच्या 1977 च्या शब्दानुक्रमणीने चिन्हांच्या वितरणाचा अभ्यास शास्त्रशुद्ध केल्यावर द्राविडी गृहीतकाची चर्चा अधिक जबाबदार पातळीवर आली.

अर्थात हे अनुमान सिद्ध झालेले नाही. 2004 मध्ये फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल यांनी ही चिन्हे भाषा नोंदविणारी लिपीच नव्हेत, असा युक्तिवाद केला, आणि तो वाद मिटलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री मु. क. स्टॅलिन यांनी या लिपीच्या उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. शतकभरानंतरही प्रश्न खुलाच असल्याची ती कबुली होती. तथापि येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की हेरास यांच्या शेकडो वाचनांपैकी तेच अनुमान पुढे चालले, जे त्यांच्या स्वतःच्या जुन्या शिस्तीत बसणारे होते. जेथे पडताळ्याची वाट होती, तेथे त्यांचे काम जगले. जेथे ती नव्हती, तेथे ते इतिहासजमा झाले.

समारोप

14 डिसेंबर 1955 रोजी मुंबईत हेरास यांचे निधन झाले. 1981 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या संस्थेतून 1964 मध्ये ‘इंडिका’ हे संशोधनपत्र सुरू झाले, आणि त्याच्या उभारणीत कोरैया-अफोन्सो यांचा प्रमुख वाटा होता.

या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ज्या ग्रंथाला हेरास स्वतः जीवितकार्य मानत असावेत, तो सिंधू संस्कृतीवरील ग्रंथ सर्वांत कमी टिकला, हे मान्य करावे लागते. जे काम त्यांनी अध्यापक म्हणून नित्याचे समजून केले, ते मात्र अधिक टिकले. पद्धतीचे लहान पुस्तक, ग्रंथालय, संग्रह, विद्यार्थ्यांचे ग्रंथ आणि गुरूच्या उणिवा ओळखू शकणारी शिष्यपरंपरा ही त्यांची खरी मिळकत होय. संशोधकाची चूक झाकून त्याचा गौरव करता येत नाही, आणि चुकीवरून त्याला निकालात काढणेही योग्य नाही. त्याने चूक ओळखण्याचे साधन मागे ठेवले की नाही, हे पाहिले पाहिजे. हेरास यांनी ते ठेवले.

महाविद्यालयीन अध्यापकवर्गासाठी या कारकिर्दीचा अर्थ आजही ताजा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीपासून अध्यापकाच्या संशोधनाची मोजणी गुणांकांत होऊ लागली. लेखांची संख्या मोजता येते. एखाद्या अध्यापकामुळे किती विद्यार्थ्यांना मूळ साधन हाती धरता आले, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. पदवी महाविद्यालयात अध्यापन आणि संशोधन एकमेकांच्या आड येतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हेरास यांचे उदाहरण त्या तक्रारीला उत्तर देते, आणि एक इशाराही देते. वर्ग होता, विद्यार्थी प्रश्न विचारीत होते आणि प्रबंधांची छाननी चालू होती, त्या क्षेत्रात त्यांचे संशोधन नेमके राहिले. ज्या विषयात ते बहुतांशी एकटेच चालले, त्यात त्यांची वाट चुकली. अध्यापनाने संशोधनाचा वेळ घेतला असेल. पण संशोधकाला भानावर ठेवण्याचे कामही त्यानेच केले.